जिम स्टाइन्सची हजेरी

मेलबर्नमध्ये नव्या माणसाला नाव विचारून झालं की दुसरा प्रश्न ठरलेला: टीम कुठली तुझी? आपल्याकडे ‘गाव कुठलं?’ विचारतात आणि उत्तरावरून तालुका, भावकी, जमलं तर सोयरीकसुद्धा काढतात, तशातलाच हा प्रश्न. टीम म्हणजे फूटीची, इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची. ‘मी फूटी बघत नाही’ असं सांगून सुटका होत नाही. समोरचा कीव आल्यासारखा बघतो आणि स्वतःची टीम तुमच्या गळ्यात मारायच्या उद्योगाला लागतो. त्यामुळे इथे आलेला प्रत्येक जण कधी ना कधी काहीतरी निमित्त काढून एक टीम धरतोच. इथल्या मराठी घरांत बहुतेक वेळा ते काम मुलं करतात. पोरगं शाळेतून कुठल्यातरी रंगाचा मफलर मागत येतं आणि विषय संपतो.

माझी टीम मात्र मुलाने ठरवली नाही. मी ठरवली आणि त्याच्या माथी मारली. मेलबर्न डेमन्स. हे ऐकून ऑफिसात लोक हसले, कारण डेमन्सचे पाठीराखे म्हणजे पैसेवाले, टीम हरायला लागली की गाड्या काढून बर्फात स्कीइंगला निघून जाणारे, असा इथला जुना विनोद आहे. माझ्याकडे ना स्की, ना तशी गाडी. माझ्या निवडीचं कारण एक आयरिश माणूस होता. मी या देशात यायच्या आधीच त्याने खेळणं सोडलं होतं.

जिम स्टाइन्स. डब्लिनचा. जन्म 23 एप्रिल 1966.

आधी खेळाविषयी थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैदान अंडाकृती, क्रिकेटचंच. चेंडूही लांबट, दोन टोकांचा, जमिनीवर पडला की कुठे उसळेल याचा नेम नाही. प्रत्येक बाजूला अठरा माणसं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून किक गेली की 6 गुण, बाजूच्या फटीतून गेली की 1. चेंडू फेकता येत नाही. किक मारायची, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसा मारायचा. लांबून आलेली किक हवेतच झेलली की तिला ‘मार्क’ म्हणतात, आणि झेलणाऱ्याला तिथून निवांत किक मारायचा हक्क मिळतो. प्रतिपक्षाचा एक माणूस त्या जागेवर, म्हणजे मार्कवर, उभा राहतो. बाकी कोणी त्या दोघांच्या मधून जायचं नाही. हे शेवटचं तेवढं लक्षात ठेवा.

हा खेळ जन्मला तोच मुळी क्रिकेटवाल्यांच्या सोयीसाठी. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने 1858 साली एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात आपली पोरं सुस्तावतात, त्यांना दम टिकवायला फुटबॉलचा एखादा क्लब काढा. पुढच्या वर्षी मे महिन्यात मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी नियम लिहून काढले. तोच हा डेमन्सचा क्लब. एमसीजी आपल्याला बॉक्सिंग डे कसोटीमुळे माहीत असतं, अजिंक्य रहाणेने 2020 च्या डिसेंबरात काढलेल्या 112 धावांमुळे माहीत असतं. पण इथल्या माणसाला विचाराल तर ते मार्च ते सप्टेंबर फूटीचं घर आहे आणि उन्हाळ्यात क्रिकेटला वापरायला दिलेलं आहे.

आता डब्लिन. 1984. मेलबर्नचा प्रशिक्षक तेव्हा रॉन बरासी होता. खेळाडू म्हणून याच क्लबाला सहा अजिंक्यपदं मिळवून दिलेला, आणि मग कार्लटन या प्रतिस्पर्धी क्लबाला जाऊन अख्ख्या शहराला धक्का दिलेला बरासी. तो परत आला तेव्हा डेमन्सची पुरती रया गेली होती. 1964 नंतर अजिंक्यपद तर सोडाच, बाद फेरीचं तोंडही कोणी पाहिलं नव्हतं. बरासीच्या डोक्यात आलं की आयर्लंडमधला गेलिक फुटबॉल आपल्या खेळाच्या बराच जवळचा आहे: हातांचा वापर, उंच उड्या, लांब किका. तिथली उंच पोरं आणली तर? क्लबाने आयर्लंडमधल्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. उंच मुलं हवीत, खेळाबरोबर विद्यापीठाच्या शिक्षणाचा खर्च क्लब करेल. आयर्लंडमध्ये तेव्हा बेकारी होती, पोरं बोटी-विमानं भरभरून बाहेर पडत होती. फुकट शिक्षण आणि सूर्यप्रकाश म्हटल्यावर अर्ज आले. स्टाइन्स त्याच वर्षी डब्लिनच्या अठरा वर्षांखालच्या संघातून अखिल आयर्लंड विजेता झाला होता. तो आणि जेम्स फेही असे दोघे निवडले गेले. नोव्हेंबरात विमानातून उतरले. फेही काही काळाने परतला. स्टाइन्स राहिला. त्याच्या आधी केरीहून आलेला शॉन वाइट नावाचा एक जण क्लबात होता, तोही टिकला आणि 150 सामने खेळला.

इथल्या लोकांनी या सगळ्याला ‘आयरिश एक्स्पेरिमेंट’ म्हणायला सुरुवात केली. माणसांवर केलेला प्रयोग. प्रयोगशाळेतल्या प्राण्याला कसं वाटत असेल याचा अंदाज मला थोडाफार आहे. व्हिसावर आणलेल्या प्रत्येकाला पहिली काही वर्षं तसंच वाटतं. आपल्याला आणण्यात कोणाचा तरी पैसा गेलाय, कोणाचा तरी शब्द गेलाय, आणि दर सहा महिन्यांनी कोणीतरी वही उघडून हिशेब बघणार आहे.

पहिल्यांदा तो लांबट चेंडू हातात आला तेव्हा त्याला तो सरळ मारता येत नव्हता. गेलिक फुटबॉलचा चेंडू गोल असतो. पायावर कसाही पडला तरी जातो. हा मात्र पायावर नेमक्या कोनात टाकावा लागतो, आणि हाताने तो पायाकडे कसा सोडायचा यावर सगळं ठरतं. इथली मुलं हे तीन वर्षांची असल्यापासून अंगणात करतात. अठराव्या वर्षी शिकणाऱ्याला प्रत्येक किक विचार करून मारावी लागते, आणि ज्याला विचार करावा लागतो त्याला तोवर कोणीतरी आडवं केलेलं असतं. पहिलं वर्ष एकोणीस वर्षांखालच्या संघात गेलं. 1986 मध्ये त्याला खालच्या स्पर्धेतल्या प्राहरान क्लबाकडे पाठवलं. इकडे शिक्षक व्हायचा अभ्यास, तिकडे सराव. वरच्या संघात पहिला सामना मिळाला तो 1987 मध्ये.

आणि 1987 हे नेमकं असं वर्ष निघालं की ज्यात डेमन्स अचानक जिंकायला लागले. प्रशिक्षक आता जॉन नॉर्दी. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात जिंकून ते बाद फेरीत शिरले. पहिल्या बाद सामन्यात नॉर्थ मेलबर्नला 118 गुणांनी धुतलं, पुढच्या आठवड्यात सिडनीला 76 गुणांनी. तेवीस वर्षं वाट पाहिलेल्या लोकांचं काय झालं असेल ते सांगायला नको. आता हॉथॉर्नविरुद्धचा सामना जिंकला की अंतिम फेरी. 19 सप्टेंबर 1987, वेव्हर्लीचं मैदान.

संघाचा कर्णधार रॉबी फ्लॉवर. काटकुळा, दिसायला खेळाडू न वाटणारा, 1973 पासून याच क्लबात. हरणाऱ्या संघात पंधरा मोसम काढलेला देवमाणूस, असं जुने पाठीराखे आजही बोलतात. निवृत्त होतोय हे त्याने जाहीर केलं होतं. अंतिम सामना खेळायची त्याची ही पहिली आणि शेवटची संधी.

शेवटच्या काही सेकंदांत मेलबर्न 4 गुणांनी पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला फ्री किक मिळते, पण गोलपासून बरीच लांब, पन्नास मीटरच्याही पलीकडे. तिथून गोल करणं अवघड. सायरन वाजतो. सायरननंतरही ज्याच्या हातात किक आहे त्याला ती मारता येते, पण एवढ्या लांबून, एवढ्या दडपणाखाली… मेलबर्नवाले जवळजवळ जिंकले होते.

त्या गदारोळात एकवीस वर्षांचा स्टाइन्स आपला माणूस धरायला धावत निघाला. धावता धावता तो बकनारा आणि त्याच्यासमोर मार्कवर उभा असलेला मेलबर्नचा खेळाडू यांच्या बरोबर मधून गेला. अंपायरने हात वर केला. दंड 15 मीटर. बकनारा पुढे आला. आता अंतर चाळीसच्या आसपास, त्याच्यासारख्याला आवाक्यातलं. त्याने गोल केला. हॉथॉर्न 80, मेलबर्न 78.

ही फीत दर सप्टेंबरात कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर दाखवतात. माझ्या मुलाने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा असेल. तो वैतागून म्हणाला, “बाबा, मार्कमधून पळायचं नसतं एवढं पण त्याला कळत नव्हतं?” मी काहीतरी बोललो, पण त्याला ते पटलं नाही, आणि पटणार कसं? तो इथे जन्मला. त्याला हा नियम कोणी शिकवलेला नाही. शाळेच्या मैदानात धावताना त्याचे पाय आपोआप त्या जागेला वळसा घालतात. स्टाइन्सला नियम माहीत होता. विचारला असता तर घडाघडा सांगितला असता. पण ऐन घाईत माणूस लहानपणी शिकलेलं वागतो, आणि लहानपणी तो दुसऱ्याच खेळात मोठा झाला होता. गेलिक फुटबॉलमध्ये आपला माणूस मोकळा दिसला की धावायचं. तो धावला.

सामन्यानंतरच्या चेंजिंग रूममध्ये कॅमेरा होता. नॉर्दी स्टाइन्ससमोर जाऊन बोट नाचवत त्याला झापतोय, हे सगळ्या देशाने पाहिलं. मला त्या फितीत नॉर्दीपेक्षा स्टाइन्सच बघावासा वाटतो. एवढा धिप्पाड, 199 सेंटिमीटरचा माणूस, आणि त्या खोलीत तो मावेनासा झालाय. काही उलट बोलत नाही. बोलणार काय? तिकडे रॉबी फ्लॉवरचे 272 सामने संपलेले होते, अंतिम सामन्याशिवाय. कोणी म्हणेल, एका धावण्याने सामना हरत नाहीत, त्याआधी मेलबर्नने 18 वेळा एकेका गुणावर समाधान मानलं होतं, ते का नाही मोजत? मोजायला हवंच. पण लोक शेवटचं तेवढं लक्षात ठेवतात. पुढच्याच वर्षी हा दंड 15 वरून 50 मीटर झाला. म्हणजे त्या दिवशी जो स्वस्तात वाटावा असा दंड त्याला पडला, तो आज पडला असता तर बकनाराला गोलच्या तोंडाशी उभं केलं असतं.

पुढचा मोसम सुरू झाला तेव्हा स्टाइन्स संघात होता. यातलं मला सगळ्यात विशेष वाटतं ते एवढंच. 1987 च्या अठराव्या फेरीपासून तो जो संघात आला, त्याचा 1998 पर्यंत एकही सामना चुकला नाही. ओळीने 244. त्याआधीचा विक्रम रिचमंडच्या जॅक टायटसचा होता, 202 चा, तोही युद्धाच्या आसपासच्या काळातला. हा खेळ असा की आठवड्याला कोणाचा खांदा निखळतो, कोणाचा गुडघा जातो. एक-दोन सामने बाहेर बसणं यात काही विशेष नसतं. स्टाइन्स बसला नाही. फासळ्या दुखावल्या तरी, गुडघा सुजला तरी पट्ट्या गुंडाळून आला. शेवटी 1998 मध्ये हाताचं हाड मोडलं तेव्हा ही मालिका थांबली. त्या 244 मध्ये वेव्हर्लीचा तो सामनाही धरलेला आहे.

क्लबाच्या भाषेत याला जिद्द म्हणतात, पोस्टरं छापतात. मला ती नुसती जिद्द वाटत नाही. बाहेरून आलेल्याला सुट्टी परवडत नाही, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ताप असला तरी लॉगिन करणारे, बाप गेल्याचा फोन आल्यावरही दुपारची मीटिंग उरकून मग विमानतळ गाठणारे मराठी लोक मी पाहिलेत, आणि त्यांचं कौतुक करावं की त्यांना ओरडावं हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आपण एक दिवस गेलो नाही तर आपल्यावाचून चालतं हे लोकांना कळेल, ही धास्ती त्यात असते. स्टाइन्सला ती होती की नव्हती हे त्यालाच ठाऊक. पण एका सामन्यात अख्ख्या शहराचं स्वप्न मोडलेल्या परदेशी पोराने पुढची अकरा वर्षं एकही सामना चुकवू नये, याला मी निव्वळ योगायोग मानायला तयार नाही.

खेळाडू म्हणून तो नेमका काय होता तेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं चुकीबद्दल प्रायश्चित्त घेतलेल्या साधूसारखं व्हायचं. तो रकमन होता. तेव्हा खेळ सुरू करताना अंपायर मैदानाच्या मध्यावर चेंडू जोरात जमिनीवर आपटायचा, तो उंच उसळायचा, आणि दोन संघांचे दोन सगळ्यात उंच गडी धावत येऊन एकमेकांच्या छातीवर गुडघा रोवून हवेत झेपावायचे. तळव्याने चेंडू आपल्या माणसाकडे ढकलायचा. जुन्या चालीचे रकमन एवढं काम झालं की धापा टाकत मागे मागे यायचे. अवजड माणसं, त्यांच्याकडून कोणी जास्त अपेक्षा करत नसे. स्टाइन्स मात्र चेंडू ढकलून तिथेच थांबत नसे. खाली येताच चेंडूच्या मागे सुटायचा, पुढच्या टोकाला जाऊन मार्क घ्यायचा, आणि तिथून परत धावत मागच्या टोकाला. गेलिक फुटबॉलमधला दम इथे कामाला आला. तिसरा-चौथा क्वार्टर आला की समोरचा रकमन गुडघ्यांवर हात टेकून उभा असायचा आणि हा अजून धावतच असायचा. रकमनने मिडफिल्डरसारखं पळायचं ही कल्पना आज कोणाला नवी वाटत नाही. त्यात स्टाइन्सचा वाटा मोठा आहे.

1991 मध्ये त्याला ब्राउनलो पदक मिळालं, 25 मतांनी. लीगमधला सर्वोत्तम आणि सभ्य खेळाडू ठरवणारं हे सगळ्यात मानाचं पदक. ऑस्ट्रेलियाबाहेरून आणलेल्या खेळाडूंत ते मिळवणारा तो एकटाच. यातली गंमत अशी की ब्राउनलोची मतं पत्रकार देत नाहीत, प्रेक्षक देत नाहीत. प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे अंपायर 3, 2, 1 अशी मतं देतात. चार वर्षांपूर्वी ज्या जमातीने हात वर करून त्याला दंड ठोकला होता, त्यांनीच आता त्याला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. क्लबाचा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने एकूण चारदा घेतला, त्यातला 1995 ते 1997 सलग तीन वर्षं, म्हणजे तिशीच्या आसपास. 264 सामने, 130 गोल. अजिंक्यपद एकही नाही. 1988 ला अंतिम सामना मिळाला तर पुन्हा हॉथॉर्नच समोर, आणि पराभव 96 गुणांचा.

खेळत असतानाच, 1994 मध्ये, त्याने पॉल करी या चित्रपट दिग्दर्शकाबरोबर ‘रीच’ नावाची संस्था काढली. किशोरवयीन मुलांसाठी. शाळेतल्या मुलांना एका मोठ्या खोलीत जमवायचं आणि व्याख्यान न देता बोलतं करायचं, असं तिचं स्वरूप. पुढे या कार्यशाळा चालवायचं काम तिथेच तयार झालेली तरुण मंडळी करू लागली, मोठी माणसं मागे. वेव्हर्लीची गोष्ट स्टाइन्स या पोरांसमोर स्वतःहून काढायचा. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘मी जिंकलो कसा’ हे ऐकण्यात शून्य रस असतो; ‘मी टीव्हीवर सगळ्यांदेखत माती खाल्ली’ म्हटलं की तो कान टवकारतो. शिक्षकाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला हे बरोबर कळलेलं होतं. खेळाडूंनी काढलेल्या बहुतेक संस्था त्यांच्या निवृत्तीबरोबर थंडावतात. रीच अजून चालू आहे.

क्लबाची स्थिती मात्र बिकट होत गेली होती. 1996 मध्ये तर मेलबर्न आणि हॉथॉर्न हे दोन क्लब एकत्र करायचं घाटत होतं. मेलबर्नच्या सभासदांनी मत होकाराचं दिलं, हॉथॉर्नच्यांनी साफ नकार दिला आणि ते बारगळलं. म्हणजे ज्या हॉथॉर्नने 1987 ला स्वप्न मोडलं त्याच हॉथॉर्नने नऊ वर्षांनी मेलबर्नचं नाव वाचवलं, असं म्हणायला हरकत नाही. 2008 च्या जूनमध्ये स्टाइन्स क्लबाचा अध्यक्ष झाला तेव्हा कर्ज 50 लाख डॉलरच्या घरात होतं. त्याने पाठीराख्यांसमोर अक्षरशः झोळी धरली. जेवणावळी, देणग्या, सभासद मोहिमा. 2010 च्या ऑगस्टमध्ये क्लब कर्जमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

तोवर तो आजारी पडून वर्ष झालं होतं. पाठीवरची एक गाठ. मेलानोमा, त्वचेचा कर्करोग, आणि तो शरीरात पसरलेला. जुलै 2009 मध्ये पत्रकार परिषद घेऊन त्याने ते सांगितलं. पुढची अडीच वर्षं मेंदूवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया, औषधं, किरणोपचार, त्याबरोबर पर्यायी म्हणवले जाणारे नाना उपाय. टक्कल, टोपी, डोक्यावरचे टाके, आणि तसाच सामन्याला हजर. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत एमसीजीवर. लोक टाळ्या वाजवत होते. त्या काळातली चित्रं बघताना मला मात्र त्याला घरी धाडावंसं वाटतं. घरी बायको होती, दोन लहान मुलं होती. संघ शनिवारी हरतो आहे हे बघायला टाके घातलेलं डोकं घेऊन माणसाने कशाला जायचं? पण हजेरी हा त्याचा स्वभावच झाला होता आणि आजारपणात स्वभाव बदलत नाही, तो अधिकच घट्ट होतो.

आणि संघ हरत होताच. इथे स्टाइन्सच्या चरित्रातलं एक पान असं आहे जे त्याच्यावर लिहिणारे भरभर उलटतात. 2009 च्या मोसमात मेलबर्नने जाणूनबुजून सामने सोडले असा आरोप झाला. लीगमध्ये तेव्हा असा नियम होता की सलग दोन वर्षं फारच थोडे सामने जिंकणाऱ्या संघाला नवे खेळाडू निवडताना एक जादा पहिला हक्क मिळतो. म्हणजे जास्त जिंकलात तर नुकसान. मेलबर्नला त्या वर्षी पहिल्या दोन्ही निवडी मिळाल्या. पुढे लांबलचक चौकशी झाली. 2013 च्या फेब्रुवारीत निकाल लागला तो मोठा मासलेवाईक: मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही, तरी क्लबाला 5 लाख डॉलर दंड, आणि तेव्हाचा प्रशिक्षक डीन बेली व फुटबॉलचं काम पाहणारा अधिकारी यांच्यावर बंदी. स्टाइन्सवर ठपका नव्हता, आणि तोवर तो हयातही नव्हता. पण अध्यक्ष तो होता. 244 सामने न चुकवणाऱ्या माणसाच्या क्लबात ‘हरलं तर बरं’ असा विचार हवेत असावा, हे मला अजून पचलेलं नाही. मुद्दाम हरण्याने मिळालेला तरी काय लाभ? त्या दोन निवडींतला एक दोन मोसमांतच मोठा करार घेऊन नव्या क्लबाकडे गेला, दुसऱ्याला पायाच्या दुखापतीने खाल्लं.

30 जुलै 2011 ला जीलाँगने मेलबर्नला 186 गुणांनी हरवलं. 233 विरुद्ध 47. इथे फक्त ‘186’ म्हटलं तरी डेमन्सवाल्यांचा चेहरा पडतो. लगेच बेलीला काढलं. ते जाहीर करायला खंगलेला स्टाइन्स पुढे बसला होता. त्याच्या महिनाभर आधी, त्याच्याआधी आलेला तो शॉन वाइट कर्करोगाने गेला होता. 2012 च्या फेब्रुवारीत स्टाइन्सने अध्यक्षपद सोडलं. 20 मार्चला तो गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये शासकीय इतमामाने अंत्यविधी झाला. बाहेर फेडरेशन स्क्वेअरमध्ये पडद्यावर बघायला लोक उभे होते, त्यात दुसऱ्या संघांचे मफलर घातलेलेही भरपूर. डब्लिनहून जाहिरात वाचून आलेल्या पोराला व्हिक्टोरिया राज्याने असा निरोप दिला.

आता यारा नदीकाठी डॉकलँड्सजवळ त्याच्या नावाचा पादचारी पूल आहे. ऑफिसच्या दिवशी मी त्यावरून जातो. सायकलवाले घंटा वाजवत, शिव्या देत अंगावरून जातात, बहुतेकांना पुलाचं नाव माहीत नसतं. एमसीजीबाहेर पुतळा आहे, तिथे मात्र शाळेच्या सहली थांबतात.

त्याच्यामागून आयर्लंडहून पोरं येतच राहिली. 2005 मध्ये सिडनीच्या टाइग केनेलीने अजिंक्यपद मिळवलं, असं करणारा पहिला आयरिश. झॅक टुओहीने 2023 मध्ये स्टाइन्सचे 264 सामने मागे टाकले. महिलांच्या लीगमध्ये तर आता आयरिश मुली इतक्या आहेत की प्रयोग हा शब्द कोणी काढत नाही. आणि डेमन्सनी 2021 मध्ये, 57 वर्षांनी, अजिंक्यपद मिळवलं. तेही पर्थला, कारण मेलबर्न टाळेबंदीत होतं. आम्ही घरात बसून पाहिलं, रात्री बाल्कनीत जाऊन ओरडलो, समोरच्या इमारतीतून कोणीतरी ओरडून प्रतिसाद दिला.

राहिला होता तो सलग सामन्यांचा विक्रम. 2025 मध्ये जॅक क्रिस्पने तोही मोडला. विक्रम मोडायचेच असतात, क्रिस्पही भला माणूस आहे, सगळं खरं. पण तो खेळतो कॉलिंगवुडकडून. 1958 मध्ये आमची ओळीने चार अजिंक्यपदं होणार होती, ती अंतिम सामन्यात यांनीच अडवली. का, तर स्वतःचा सलग चारचा विक्रम शाबूत राहावा म्हणून. माझ्या मुलाच्या वर्गात निम्मी पोरं कॉलिंगवुडची आहेत. त्या आठवड्यात त्यांनी त्याला फार छळलं, आणि घरी येऊन त्याने मला विचारलं की आपण दुसरी टीम धरू शकतो का. मी सांगितलं, नाही.